गुन्हा एकाचा, दंड गावाला
(नाशिक जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भावाबद्दल आणि बाजाराबद्दल बोलणारे वक्ते आज पुष्कळ आहेत. आमच्याकडे विषय दिला आहे तो जुना. इंग्रज सरकार चिडले की कोणते कायदे करायचे, ते कोणावर चालवायचे आणि त्याचा खर्च कोणाकडून काढायचे, हा तो विषय. इतिहास म्हटला की मंडपात चुळबूळ सुरू होते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण यातला एक कायदा आजही तुमच्यापैकी काहींच्या सातबाऱ्यावर बसलेला आहे. तेवढ्यासाठी तरी थोडा वेळ ऐका.

सुरुवात आपल्या गावातून नाही, सात समुद्रापलीकडून करू. अमेरिकेतल्या बोस्टन नावाच्या बंदरात 16 डिसेंबर 1773 च्या रात्री लोकांनी तीन जहाजांवरची चहाची 342 खोकी समुद्रात फेकली. चहा कोणाचा? ईस्ट इंडिया कंपनीचा. तीच कंपनी, जिने पुढे आपल्याकडचा पेशवा बुडवला. 1770 च्या दुष्काळात बंगालमध्ये तिच्या अंमलाखाली लोक लाखांनी मेले. खुद्द वॉरन हेस्टिंग्जच्या अंदाजाने तिथली एक तृतीयांश प्रजा गेली. आणि पुढच्याच वर्षी कंपनीचा सारा दुष्काळाआधीच्या 1768 सालापेक्षा जास्त वसूल झाला! एवढे करूनही कंपनी दिवाळ्याच्या दारात होती. लंडनच्या गोदामात दीड कोटी रत्तलांहून अधिक चहा पडून होता. तो खपावा म्हणून पार्लमेंटने 1773 मध्ये चहाचा कायदा केला आणि कंपनीला तो थेट अमेरिकेत विकण्याची मुभा दिली.

आता गंमत पाहा. या कायद्याने अमेरिकेत चहा महाग झाला नाही, उलट स्वस्त झाला. मग लोक का भडकले? रत्तलामागे तीन पेन्सांचा कर कायम होता, आणि तो लावणाऱ्या पार्लमेंटमध्ये अमेरिकेतून निवडून गेलेला एकही माणूस नव्हता. स्वस्त माल घ्या आणि आमचा कर लावण्याचा हक्क मान्य करा, असा तो सौदा होता. शेतकऱ्याला असे सौदे ओळखता येतात.

चहा फेकणाऱ्यांनी नुकसान केले, यात वाद नाही. माल दुसऱ्याचा होता आणि त्याची किंमत दहा हजार पौंडांच्या आसपास होती. ती भरून द्यावी असे मानणारे शहाणे लोक अमेरिकेतही होते, बेंजामिन फ्रँकलिन त्यांतला एक. सरकारने गुन्हेगार शोधून त्यांच्यावर खटले भरले असते तर कोणी फार बोलले नसते. पण 1774 मध्ये लॉर्ड नॉर्थच्या सरकारने दुसरीच वाट धरली.

पहिला कायदा: चहाची भरपाई होईपर्यंत बोस्टनचे बंदर बंद. 1 जून 1774 पासून ते बंद झाले. चहा फेकणारे मूठभर आणि उपाशी मरणार सगळे: हमाल, नावाडी, सुतार, दुकानदार, आसपासचे शेतकरी. बंदर बंद झाले की घरात काय होते, हे निफाड-लासलगावच्या माणसाला आम्ही समजावून सांगायला नको. डिसेंबर 2023 ते मे 2024 कांद्याची निर्यात बंद होती, तेव्हा तुम्ही ते खळ्यावर बसून पाहिले आहे.

दुसऱ्या कायद्याने मॅसॅच्युसेट्स प्रांताची सनद मोडली. वरिष्ठ सभागृहातली माणसे आता राजा नेमणार. गावसभा वर्षातून एकदा भरेल, एरवी गव्हर्नरच्या परवानगीनेच. तिसरा कायदा असा, की दंगल मोडताना किंवा कर वसूल करताना एखाद्या अंमलदाराच्या हातून माणूस मेला, तर त्याचा खटला दुसऱ्या प्रांतात किंवा थेट इंग्लंडात नेता येईल. साक्षीला शेतकरी समुद्र ओलांडून जाणार कसा? चौथा कायदा शिपायांना जागा देण्याचा. शिवाय क्वेबेकचा एक कायदा होता. त्याची तक्रार अमेरिकन पुढारी फार करीत, पण त्यात त्यांचा डोळा ओहायोकडच्या जमिनींवर होता, आणि त्या जमिनी मूळच्या दुसऱ्याच लोकांच्या होत्या. स्वातंत्र्याच्या गोष्टी सांगणाऱ्या त्या पुढाऱ्यांपैकी अनेकांच्या शेतावर गुलाम राबत होते, हेही इथेच सांगून टाकतो. आम्ही कोणाची आरती ओवाळायला उभे नाही.

पुढे काय झाले ते मात्र आपल्या कामाचे आहे. सरकारचा हिशेब असा, की एका गावाला ठोकले की बाकीची गावे गप्प बसतात. झाले उलटे. कनेक्टिकटमधून मेंढ्यांचे कळप हाकत बोस्टनला आले, दक्षिणेकडून तांदूळ आला. बोस्टनमधल्या सुतारांनी सैन्याच्या बराकी बांधायला नकार दिला. आणि सगळ्यात मोठे काम केले ते खेड्यांतल्या शेतकऱ्यांनी. नव्या पद्धतीने नेमलेल्या न्यायाधीशांना त्यांनी कोर्टात पाऊलच ठेवू दिले नाही. वूस्टर या गावी 6 सप्टेंबर 1774 रोजी 37 गावांतून चार हजार सहाशेच्या वर शेतकरी जमले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उभे राहिले, आणि कोर्टाच्या अधिकाऱ्यांना हातात टोपी धरून, आम्ही या कायद्याप्रमाणे काम करणार नाही असे पुन्हा पुन्हा वाचून दाखवत त्या रांगांमधून चालायला लावले. एकही गोळी सुटली नाही. त्याच महिन्यात बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियाला एकत्र बसले. लढाई सुरू झाली ती नंतर, एप्रिल 1775 मध्ये.

इंग्रज यातून शिकला का? शिकला. पण काय शिकला ते पाहा. यॉर्कटाऊनला 1781 मध्ये शरण आलेला सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला आणि 1793 मध्ये त्याने बंगालच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर जमीनदार कायमचा बसवला. तिकडे जे एका वर्षात घाईने केले आणि अंगलट आले, ते इकडे कलमाकलमाने, सावकाश केले गेले.

मुंबई इलाख्यात 1827 सालीच एक रेग्युलेशन आले, नंबर 25. सरकारला वाटेल त्या माणसाला खटल्याशिवाय अटकेत ठेवता येईल, असे ते होते. 1861 च्या पोलीस कायद्यात कलम 15 आले: जो मुलूख अशांत ठरेल तिथे जादा पोलीस बसवायचे आणि त्यांचा पगार तिथल्या रहिवाशांकडून वसूल करायचा. वर ज्याला वाटेल त्याला त्यातून सूट द्यायची. मुंबई इलाख्याच्या 1890 च्या जिल्हा पोलीस कायद्यातही हीच सोय होती. या सूट देण्याच्या कलमाकडे नीट लक्ष द्या. दंड सगळ्या गावावर आणि सूट सरकारशी गोड असणाऱ्याला, म्हणजे गावातल्या गावात भांडण लागलेच. बोस्टनच्या कायद्यात एवढी हुशारी नव्हती.

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर माणसाचा जन्म हाच गुन्हा ठरवला. पुढे आपल्या इलाख्यातही तो लागू झाला. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचे नाही. हे पाच वर्षांसाठी किंवा दहा वर्षांसाठी नव्हते, पिढ्यान्‌पिढ्यांसाठी होते. 31 ऑगस्ट 1952 रोजी त्या जमाती मुक्त झाल्या, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. शेतकऱ्यांच्या मेळाव्यात हे सांगायचे कारण, गावगाड्याला हा कायदा कधी बोचला नाही. शिक्षा शेजाऱ्याला होती.

1875 मध्ये गावगाड्याची पाळी आली. 12 मे रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खाती आणि रोखे जाळले, आणि हे लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. त्याआधी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला होता, तो 1865 नंतर कोसळला. त्यातच नव्या मोजणीने सारा चढला. फौज आली, साडेनऊशे माणसे पकडली गेली, गावोगाव पोलीस ठाणी बसली. एक गोष्ट मात्र इंग्रजाच्या बाजूने सांगितली पाहिजे. त्याने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. सावकाराविरुद्ध उठलात तर सरकार थोडे ऐकून घेत होते. सरकारविरुद्ध उठलात तर नाही.

पुण्याची 1897 ची हकिकत तुम्हाला शाळेत शिकवली आहे. फक्त तारखांचा क्रम आम्ही मांडतो. फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा. मग रँडसाहेबाची प्लेग कमिटी आणि घराघरात सोल्जर. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. 27 जुलैला टिळकांना अटक, खुनासाठी नव्हे, 'केसरी'तल्या मजकुरासाठी. 28 जुलैला नातू बंधू त्या 1827 च्या रेग्युलेशनखाली उचलले गेले. खटला नाही, आरोप नाही, आणि सुटका 1899 मध्ये. शहरावर शिक्षेचे पोलीस बसले आणि त्यांचा खर्च पुणेकरांच्या माथी. प्लेगने अर्धे रिकामे झालेले गाव ते! आणि दामोदर चापेकरांचा जबाब कधी झाला? ऑक्टोबरात. म्हणजे गोळी कोणी झाडली हे कळायच्या आधी शिक्षा भोगून अर्धी झाली होती. टिळकांचा खटला पुण्यात नाही, मुंबईत चालला. नऊ पंचांपैकी सहा युरोपियन आणि तीन हिंदी, आणि निकाल सहा विरुद्ध तीन. अठरा महिने. दुसऱ्याच वर्षी, 1898 मध्ये, राजद्रोहाचे कलम 124 अ आणखी रुंद करण्यात आले. ते कलम सुप्रीम कोर्टाने मे 2022 मध्ये स्थगित केले. 1 जुलै 2024 पासून जुनी दंडसंहिताच गेली आणि न्याय संहितेत कलम 152 आले. नवे कलम जुन्यापेक्षा अरुंद की रुंद, यावर वकिलांचे एकमत नाही.

आता सातबाऱ्याकडे येऊ, कारण बाकीचे कायदे शहरातल्या माणसाला लिहिता-वाचताना लागले, हा नांगरटीत लागला.

1896-97 चा दुष्काळ, त्यावर प्लेग, आणि 1899-1900 चा छप्पनचा दुष्काळ. ज्या वर्षी रानात कडबा झाला नाही त्या वर्षीही साऱ्याचा हप्ता येत होता. थकला की जमीन सरकारजमा. अशा जमिनींचे करायचे काय? 1901 च्या मे महिन्यात मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. सरकारजमा झालेली जमीन पुन्हा शेतकऱ्याला द्यायची, पण नव्या शर्तीवर. जुनी शर्त अशी होती, की सारा भरतो तोवर जमीन माझी. विकेन, गहाण टाकेन, मुलाला देईन. नवी शर्त अशी, की कसायला जमीन तुझी, पण विकायची, गहाण टाकायची तर सरकारची परवानगी.

सरकारचे म्हणणे होते की शेतकरी अडाणी आहे, जमीन सावकाराच्या घशात घालतो, त्याला आम्ही वाचवतो. हे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. त्या काळी मारवाडी, गुजर आणि आपलेच ब्राह्मण-मराठे सावकार जमिनी गिळत होते, हे खरे. पण सावकाराच्या दारात शेतकऱ्याला उभे कोणी केले? दुष्काळात मागितलेल्या साऱ्याने. त्या साऱ्याला हात न लावता जमिनीचीच पत काढून घेतली. पत नसलेल्या जमिनीवर विहिरीसाठी कर्ज कोण देणार? म्हणजे सारा थकल्याची शिक्षा एकदा जमीन जाऊन झाली आणि परत मिळाल्यावर दुसऱ्यांदा झाली.

कौन्सिलात लोकांच्या बाजूने बोलणारी माणसे थोडी होती: फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले, भालचंद्र कृष्ण, दाजी आबाजी खरे, गोकुळदास पारेख. घाई करू नका, लोकांची मते मागवा, एवढेच त्यांचे मागणे होते. सरकारी मते आधीच मोजलेली होती. ऑगस्ट 1901 मध्ये हे लोक सभागृहातून उठून बाहेर पडले. आज सभात्याग रोजचा झाला आहे. तेव्हा असे कोणी केले नव्हते, आणि गोखल्यांसारखा मऊ माणूस उठतो म्हणजे काय, हे सरकारलाही कळले. कायदा मात्र झाला. शेतकऱ्याच्या जमिनीचा कायदा, आणि त्या सभागृहात नांगर धरलेला एकही हात नव्हता. इथे वूस्टरचे शेतकरी आठवतात, आणि आठवून थोडे वाईटही वाटते.

त्याच्याशी पंजाबची तुलना करा. तिथे 1907 मध्ये कालव्यावरच्या वसाहतींतील शेतकऱ्यांचे हक्क आवळणारे विधेयक आले. अजितसिंगांच्या मागे शेतकरी उठले. सरकारने अजितसिंग आणि लाला लजपतराय यांना मंडालेला धाडले, आणि तरीही व्हॉइसरॉय मिंटोने विधेयकाला मंजुरी नाकारली. का? पंजाबच्या शेतकऱ्याचा मुलगा पलटणीत होता. आपल्या दुष्काळी शेतकऱ्याच्या हातात सरकारला भीती वाटावी असे काही नव्हते.

आता आपले नाशिक. भगूरच्या बाबाराव सावरकरांना कवितांच्या पुस्तकासाठी जून 1909 मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मालमत्ता जप्त. खटला वरच्या कोर्टाकडे पाठवणारा कलेक्टर जॅक्सन. हा माणूस संस्कृत जाणणारा, लोककथा गोळा करणारा. त्याने जमवलेले साहित्य पुढे एन्थोव्हेनने छापले. 21 डिसेंबर 1909 रोजी त्याच्या निरोपासाठी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'चा प्रयोग होता, तिथे अनंत कान्हेरेने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याला फाशी झाली. खून करणाऱ्याला कायद्याने जी शिक्षा होती ती झाली. आम्ही खुनाचे समर्थन करीत नाही. लोकांचे आंदोलन पिस्तुलाने चालत नाही, हे आमचे पहिल्यापासूनचे मत आहे. पण शिक्षा तिथे थांबली नाही.

1908 च्या कायद्याने अशा खटल्यांसाठी तीन न्यायमूर्तींचे खास कोर्ट काढले होते. ज्यूरी नाही, वर अपील नाही. नाशिक कटाचा खटला अशा कोर्टापुढे मुंबईला चालला: 38 आरोपी, 27 जणांना शिक्षा. विनायक सावरकरांना लंडनमध्ये पकडून इथे आणले आणि डिसेंबर 1910 मध्ये जन्मठेप दिली. अमेरिकेत अंमलदाराला वाचवायला खटला गावाबाहेर नेण्याची सोय होती, आपल्याकडे आरोपीला गावापासून तोडायला. 1907 च्या सभाबंदी कायद्यात, जो मुलूख जाहीर होईल तिथे वीसपेक्षा जास्त माणसे जमली की ती जाहीर सभाच धरायची आणि तिची सूचना आधी सरकारला द्यायची. आपल्याकडे बारशाला यापेक्षा जास्त माणसे असतात. फेब्रुवारी 1910 मध्ये छापखान्याचा कायदा आला: नवा छापखाना काढायचा तर पाचशे ते दोन हजार रुपये जामीन, मजकूर खटकला की जामीन जप्त. शि. म. परांजप्यांचा 'काळ' त्याच वर्षी बंद पडला. गोळी एका पोराने झाडली आणि जीभ सगळ्या इलाख्याची बांधली गेली.

पुढचे भराभर सांगतो. बार्डोलीला 1928 मध्ये शेतकरी हलले नाहीत, म्हणून 22 टक्क्यांची साऱ्याची वाढ चौकशीअंती सहावर आली. 1942 मध्ये सरकारने सामुदायिक दंडाचा वटहुकूम काढला. तारा कोणी तोडल्या ते सापडले नाही तर गाव भरेल, सरकारशी इमान राखणाऱ्यांना सूट. देशभर असा दंड 90 लाखांच्या घरात लावला गेला.

आणि 1947 नंतर? 1951 मध्ये आपल्या स्वतःच्या विधानसभेने मुंबई पोलीस कायदा केला. आज त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. त्याचे कलम 50 काढून वाचा. जादा पोलीस नेमायचे आणि त्यांचा खर्च त्या भागातल्या रहिवाशांवर टाकायचा, ही तरतूद त्यात आहे. पुढचे कलम 51 जमावाने केलेल्या नुकसानीची भरपाई रहिवाशांकडून घेण्याचे. बोस्टनचा चहाच तो. नुकसान झालेल्या माणसाला भरपाई मिळालीच पाहिजे, आमचा त्याला विरोध नाही. एसटी आमच्याच गावाला येते. पण ज्याने दगड मारला नाही त्याने का भरायचे, हा प्रश्न 1774 मध्ये होता तसाच आहे.

नवी शर्तही राहिली. वतनाच्या, सीलिंगच्या, सरकारने वाटलेल्या जमिनींवर तिचा शिक्का पडत गेला: नवीन अविभाज्य शर्त, भोगवटादार वर्ग 2. परवानगीसाठी कलेक्टर कचेरी आणि त्यासोबत नजराणा. अलीकडे काही प्रकारच्या जमिनी पैसे भरून वर्ग 1 करण्याचे नियमही निघाले आहेत. सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या आदिवासी बांधवांच्या जमिनीला जे संरक्षण आहे ती बाब वेगळी आहे. ते त्यांनी मागितलेले आहे आणि त्याची गल्लत कोणी करू नये.

तेव्हा पुढच्या तालुका बैठकीला येताना ज्यांच्या सातबाऱ्यावर वर्ग 2 किंवा न.अ.श. असे लिहिले आहे त्यांनी उतारा आणि जुने फेरफार बरोबर आणावेत. शर्त कोणत्या साली, कोणत्या हुकुमाने आणि कशाबद्दल लागली, हे फेरफारावर लिहिलेले असते. ज्यांना तलाठ्याकडून जुना फेरफार मिळत नसेल त्यांनी तहसील कचेरीतल्या अभिलेख कक्षात लेखी अर्ज करून पोच घ्यावी आणि ती पोचही बरोबर आणावी.